जोना लोमू : आजारी मूत्रपिंडांवर खेळलेली कारकीर्द

न्यूझीलंडचा रग्बीपटू जोना लोमू याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द जून १९९४ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये संपली. या साडेआठ वर्षांत तो आपल्या देशासाठी ६३ कसोटी सामने खेळला आणि त्यांत त्याने ३७ वेळा प्रतिस्पर्ध्यांची अंतिम रेषा ओलांडून गुण मिळवले. रग्बीत दोन देशांच्या मुख्य संघांमधील सामन्याला क्रिकेटप्रमाणेच कसोटी म्हणतात, मात्र हा सामना ऐंशी मिनिटांतच संपतो. केवळ आकड्यांकडे पाहिले तर लोमूपेक्षा अधिक सामने खेळलेले आणि अधिक गुण मिळवलेले खेळाडू पुष्कळ आहेत. तरीही रग्बी या खेळाचा इतिहास लिहिताना त्याच्या नावापाशी थांबावेच लागते, कारण हौशी खेळाचे व्यावसायिक खेळात रूपांतर ज्या वर्षी, म्हणजे १९९५ मध्ये, झाले, त्याच वर्षी तो जगासमोर आला आणि त्या रूपांतराला त्याच्या खेळाने मोठी गती दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या मूत्रपिंडांना गंभीर आजार असल्याचे निदान झाले. म्हणजे त्याची जवळजवळ संपूर्ण व्यावसायिक कारकीर्द आजारी शरीराने खेळलेली आहे, ही गोष्ट त्याच्या गौरवात बहुधा झाकली जाते. वास्तविक त्याच्या खेळाचे मोल ठरवताना तीच प्रथम विचारात घ्यायला हवी.

लोमूचे वेगळेपण कळण्यासाठी खेळाची रचना थोडी समजून घेणे आवश्यक आहे. रग्बी युनियन या प्रकारात प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि चेंडू लंबगोलाकार असतो. तो हातात घेऊन धावता येतो, पायाने मारता येतो, परंतु हाताने पुढच्या दिशेला फेकता येत नाही. सहकाऱ्याकडे द्यायचा तर तो आडवा किंवा मागेच द्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्यांच्या अंतिम रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो आणि त्याचे पाच गुण मिळतात. त्यानंतर गोलखांबांमधून चेंडू मारता आला तर आणखी दोन. दंड म्हणून मिळालेली किक किंवा खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टप्पा घेताच मारलेला ड्रॉप गोल यांना प्रत्येकी तीन गुण असतात. पंधरापैकी आठ जण आघाडीचे असतात, त्यांचे काम रेटारेटी करून चेंडू मिळवणे हे. उरलेले सात पिछाडीचे, त्यांचे काम मिळालेला चेंडू घेऊन पळणे हे. आघाडीचे खेळाडू धिप्पाड आणि संथ, पिछाडीचे चपळ आणि हलके, अशी विभागणी शंभर वर्षे रूढ होती. पिछाडीतही मैदानाच्या दोन्ही कडांना उभे राहणारे विंगर हे सर्वांत वेगवान आणि बहुधा सर्वांत सडपातळ असत. अकरा क्रमांकाचा सदरा घालणारा डावा विंगर म्हणून लोमू खेळला, तेव्हा त्याची उंची सहा फूट पाच इंच होती आणि वजन ११८ किलोंच्या आसपास होते. आघाडीतल्या बहुतेकांना भारी पडेल असे हे शरीर शंभर मीटरचे अंतर अकरा सेकंदांच्या आत कापू शकत होते.

धावणाऱ्या खेळाडूला कमरेला वा पायांना मिठी घालून खाली पाडण्याच्या कृतीला टॅकल म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकाला याचा अंदाज कबड्डीतील पकडीवरून येऊ शकेल : तीन-चार जणांची साखळी अंगावर लोंबकळत असताना तिला ओढत मध्यरेषेपर्यंत येणारा चढाईपटू जे करतो, तेच लोमू करीत असे, फक्त पूर्ण वेगात आणि साठ-सत्तर मीटरच्या पट्ट्यात. पळणाऱ्या शरीराचा संवेग हा त्याचे वजन आणि वेग यांच्या गुणाकाराइतका असतो, आणि त्या काळच्या विंगरचे वजन ८० ते ९० किलोंच्या दरम्यान असल्याने समान वेगातही लोमूचा संवेग त्याच्या समोर उभ्या राहणाऱ्यापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने तरी अधिक असे. शिवाय चेंडू एका काखेत धरून दुसऱ्या हाताचा पंजा समोरच्याच्या छातीवर किंवा खांद्यावर रोवून त्याला दूर लोटण्याचे तंत्र त्याने आत्मसात केले होते. लांब हातामुळे टॅकल करणाऱ्याला त्याच्या मांड्यांपर्यंत पोहोचताच येत नसे.

लोमूचा जन्म १२ मे १९७५ रोजी न्यूझीलंडमध्ये झाला. त्याचे आईवडील मूळचे टोंगा या पॅसिफिक महासागरातील द्वीपराष्ट्राचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना मनुष्यबळ कमी पडू लागले, तेव्हा टोंगा, सामोआ आणि आसपासच्या बेटांवरून हजारो कुटुंबे ऑकलंड शहरात आली आणि त्याच्या दक्षिण भागात स्थिरावली. लोमू कुटुंब त्यांपैकीच एक. बालपणीची काही वर्षे तो टोंगात मावशीकडे वाढला आणि नंतर आईवडिलांकडे मांगेरे या उपनगरात परतला. घरात वडिलांचा मार आणि बाहेर तरुणांच्या टोळ्यांची हिंसा अशा वातावरणातून त्याला बाहेर काढण्यासाठी आईने त्याला पुकेकोहे येथील वेस्ली कॉलेज या निवासी शाळेत घातले. पॅसिफिक बेटांवरून आलेल्या मुलांची संख्या लक्षणीय असलेल्या या मेथडिस्ट शाळेत त्याच्या अंगच्या रगेला खेळाची वाट मिळाली; धावणे, उड्या, फेकीचे प्रकार आणि रग्बी अशा सर्वच बाबतींत तो शाळेत अव्वल होता. रग्बीत मात्र तो तेव्हा आघाडीत खेळत असे. त्याला विंगर करण्याचा निर्णय न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाचे, म्हणजे ऑल ब्लॅक्सचे, तत्कालीन प्रशिक्षक लॉरी मेन्स यांचा. एवढ्या मोठ्या शरीराला एवढा वेग असेल तर त्याला गर्दीतून बाहेर काढून मोकळ्या जागेत उभे करावे, हा विचार आज साधा वाटतो. त्या वेळी तो प्रचलित समजुतींच्या विरुद्ध होता.

जून १९९४ मध्ये फ्रान्सविरुद्ध क्राइस्टचर्च येथे लोमू पहिली कसोटी खेळला, तेव्हा त्याचे वय १९ वर्षे ४५ दिवस होते आणि ऑल ब्लॅक्सच्या इतिहासात इतक्या कमी वयात कोणीही कसोटी खेळलेले नव्हते. न्यूझीलंड ती कसोटी हरले आणि ऑकलंडची दुसरीही हरले. विंगरची जागा त्याला नवीन होती. धावायचे कुठे हे त्याला ठाऊक होते, परंतु बचावाच्या वेळी नेमके कुठे उभे राहायचे, पाठीमागे टाकलेली किक केव्हा ओळखायची, हे त्याला उमगलेले नव्हते आणि फ्रान्सच्या अनुभवी खेळाडूंनी नेमके तेच हेरले. त्यानंतर त्याला संघातून वगळण्यात आले. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाची निवड जवळ आली तरी त्याच्या तंदुरुस्तीविषयी निवडकर्त्यांच्या मनात शंका होती, आणि सराव शिबिरांत तो लवकर थकतो अशी तक्रार होती. १९९५ अखेरच्या निदानाचा प्रकाश या तक्रारीवर पडला की तिचा अर्थ बदलण्याची शक्यता दिसते, जरी त्या वेळी आजार कितपत वाढलेला होता हे निश्चित सांगता येत नसले तरी.

१९९५ चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत झाला. वर्णद्वेषी राजवट संपून नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाल्याला जेमतेम वर्ष लोटले होते, आणि त्या स्पर्धेचा राजकीय अर्थ इतका मोठा होता की खेळाची बाजू आज काहीशी विस्मृतीत गेली आहे. साखळीत आयर्लंडविरुद्ध लोमूने दोन ट्राय केले, उपउपांत्य फेरीत स्कॉटलंडविरुद्ध एक. १८ जून रोजी केपटाउनच्या न्यूलँड्स मैदानावर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना झाला आणि त्यात त्याने एकट्याने चार ट्राय केले. न्यूझीलंडने हा सामना ४५-२९ असा जिंकला.

त्यांपैकी पहिला ट्राय बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण लोमूविषयीची सर्वसाधारण समजूत त्यावरच उभी आहे आणि ती अपुरी आहे. सामन्याच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच न्यूझीलंडच्या ग्रॅम बॅचॉपने डाव्या बाजूला लांब पास टाकला. तो लोमूच्या हातात नीट आला नाही, मागे गेला. लोमूला थांबून, वळून तो उचलावा लागला. म्हणजे धावायला सुरुवात करताना त्याच्याजवळ वेग नव्हता आणि समोर इंग्लंडचा टोनी अंडरवूड उभा होता. त्याला त्याने धडक दिली नाही, तर बाहेरच्या कडेने, निव्वळ वेगावर मागे टाकले. पाठीमागून कर्णधार विल कार्लिंगने झेप घेऊन त्याच्या घोट्याला हात लावला, त्यामुळे त्याचा तोल गेला आणि तो पुढे झुकून अडखळत धावू लागला. या अवस्थेत शेवटचा बचावपटू माइक कॅट अगदी समोर आला. बगल द्यायची तर पायांवर ताबा हवा आणि तो तर सुटलेला होता, म्हणून लोमू सरळ गेला. कॅट पाठीवर आडवा झाला आणि त्याच्या अंगावरून जाऊन लोमूने चेंडू टेकवला. जगभर दाखवले गेले ते दृश्य या शेवटच्या क्षणाचे, आणि त्यातून लोमू म्हणजे निव्वळ ताकद असे समीकरण रूढ झाले. प्रत्यक्षात त्या आठ-दहा सेकंदांत चेंडूवरची पकड, दिशा बदलण्याचे कौशल्य, तोल जाऊनही वेग टिकवण्याची क्षमता आणि मग ताकद अशा चार गोष्टी क्रमाने दिसतात, त्यांत ताकद सर्वांत शेवटी येते.

त्या इंग्लंड संघाकडे दुसऱ्या दृष्टीनेही पाहता येते. टोनीचा थोरला भाऊ रॉरी अंडरवूड, जो दुसऱ्या विंगवर खेळत होता, तो ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. ब्रायन मूर हा वकील होता, डीन रिचर्ड्स पोलिस शिपाई होता. ही माणसे नोकरी सांभाळून, संध्याकाळी सराव करून, रजा घेऊन विश्वचषक खेळायला आलेली होती. रग्बी युनियनमध्ये खेळण्याचे पैसे घेणे हा गुन्हा होता आणि या नियमाला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेकडील लँकेशायर आणि यॉर्कशायर या परगण्यांत रग्बी हा गिरणी आणि खाण कामगारांचा खेळ झाला होता. शनिवारी सामना खेळायचा तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून द्यावी अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. खेळाची सूत्रे मात्र दक्षिणेतील, खासगी शाळा व विद्यापीठांत शिकलेल्या सुस्थितीतील वर्गाच्या हाती होती आणि त्यांनी ही मागणी फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील वीसहून अधिक क्लबांनी वेगळी संघटना स्थापन केली, आणि तिच्यातून पुढे तेरा खेळाडूंचा रग्बी लीग हा स्वतंत्र, पैसे देणारा खेळ निर्माण झाला. उरलेल्या रग्बी युनियनने हौशीपणाचा आग्रह इतका कडक केला की लीग खेळलेल्या माणसाला युनियनच्या मैदानावर परत येता येत नसे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी न्यूझीलंडचा माजी कर्णधार ग्रॅहॅम मौरी याने आत्मचरित्राचे मानधन स्वीकारले, एवढ्यावरून तो व्यावसायिक ठरला आणि खेळाच्या वर्तुळाबाहेर गेला. हौशीपणाच्या या तत्त्वाला नैतिकतेचा मुलामा होता, परंतु ज्याला मजुरी बुडणे परवडत नाही त्याने उच्च दर्जाचे रग्बी खेळू नये, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ होता. आणि मांगेरेसारख्या वस्तीतून आलेल्या मुलाच्या दृष्टीने तो फार कठोर होता.

१९९५ पर्यंत हा बांध आतून पोखरला गेला होता. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे मोल वाढत होते आणि ऑस्ट्रेलियात रूपर्ट मर्डॉक व केरी पॅकर या दोन माध्यमसम्राटांत रग्बी लीगवरून युद्ध चालू होते. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, २३ जूनला, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांच्या संघटनांनी मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी दहा वर्षांचा, ५५ कोटी ५० लाख अमेरिकी डॉलरांचा करार जाहीर केला. याच सुमारास पॅकर यांचे पाठबळ असलेली दुसरी एक योजना खेळाडूंनाच थेट करारबद्ध करून संघटनांना बाजूला सारण्याच्या तयारीत होती आणि अनेक ऑल ब्लॅक्स खेळाडूंनी तिला प्राथमिक संमतीही दिली होती. अखेर ऑगस्टमध्ये ते आपापल्या संघटनांकडे परतले. त्याच महिन्याच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने पॅरिस येथे खेळ सर्वांसाठी खुला झाल्याचे, म्हणजे पैसे घेण्यावरची बंदी उठल्याचे, जाहीर केले. करारांची बोलणी लोमूच्या चार ट्रायच्या कितीतरी आधीपासून चालू होती, त्यामुळे एका माणसाने रग्बी व्यावसायिक केले हे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि ज्यांना रग्बीचा एकही नियम माहीत नव्हता अशा कोट्यवधी प्रेक्षकांना हा खेळ पडद्यावर पाहावासा वाटेल, याचा पुरावा त्या चार ट्रायनी दिला, आणि करार करणाऱ्यांना नेमका तोच हवा होता.

अंतिम सामना २४ जूनला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर झाला. दक्षिण आफ्रिकेच्या बचावाने लोमूला एकट्याने भेटायचे नाही हे ठरवूनच मैदानात पाऊल टाकले होते. त्याच्या हाती चेंडू येताच एक जण पायांना आणि दुसरा-तिसरा वरून, असे ते तुटून पडत. त्या सामन्यात कोणत्याच बाजूने ट्राय झाला नाही. जोएल स्ट्रान्स्कीने जादा वेळेत मारलेल्या ड्रॉप गोलवर दक्षिण आफ्रिका १५-१२ अशी जिंकली. पुढे कारकीर्द संपेपर्यंत लोमू दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अनेक कसोट्या खेळला, पण त्यांच्याविरुद्ध त्याला एकही ट्राय करता आला नाही. मोठ्या शरीराला शिस्तबद्ध बचावाने रोखता येते याचा हा धडा होता आणि व्यावसायिक युगातील प्रशिक्षकांनी तो मन लावून गिरवला.

१९९५ संपता संपता लोमूला नेफ्रॉटिक सिंड्रोम झाल्याचे निदान झाले. माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंत्यातून त्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यांतला बहुतेक शरीरात परत घेतला जातो आणि दीड-दोन लिटर मूत्र उरते. निरोगी गाळणीतून पाणी, क्षार आणि टाकाऊ पदार्थ जातात, प्रथिने जात नाहीत. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये या गाळण्यांची जाळी सैल होते आणि रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन मूत्रावाटे वाहून जाऊ लागते. रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः हेच प्रथिन करते. ते कमी झाले की पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते, घोट्यांवर, पायांवर, डोळ्यांभोवती सूज येते, थकवा येतो, रक्तातील चरबी वाढते. उपचार म्हणून दिली जाणारी स्टेरॉइड गटातील औषधे दाह आटोक्यात ठेवतात, परंतु दीर्घकाळ घेतली तर वजन वाढवतात आणि स्नायू दुबळे करतात. ज्याची कारकीर्द स्नायू, वेग आणि प्रथिनांवर उभी आहे अशा खेळाडूला याहून प्रतिकूल आजार कल्पिणे कठीण आहे.

निदान सुरुवातीला जाहीर करण्यात आले नव्हते. लोमू १९९६ च्या हंगामात खेळला, त्या वर्षी सुरू झालेल्या सुपर ट्वेल्व्ह या तीन देशांच्या प्रांतिक संघांमधील व्यावसायिक स्पर्धेत ऑकलंड ब्लूज संघाबरोबर विजेतेपदही मिळवले, आणि वर्षाच्या अखेरीस त्याने उपचारांसाठी खेळातून विश्रांती घेत असल्याचे सांगितले. १९९७ चा बराच काळ औषधोपचारांत गेला. वर्षाअखेरच्या ब्रिटनच्या दौऱ्यावर तो परतला. १९९८ मध्ये क्वालालंपूर येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत सात जणांच्या रग्बीत त्याने सुवर्णपदक मिळवले. सात जणांचा हा प्रकार सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो, आणि तेवढ्याच मोठ्या मैदानावर निम्म्याहून कमी माणसे असल्याने त्यात दम सर्वांत जास्त लागतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते पदक मिळवणे ही वैद्यकीयदृष्ट्याही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

१९९९ च्या विश्वचषकात त्याने सहा सामन्यांत आठ ट्राय केले. एका विश्वचषकात आठ ट्राय हा तेव्हाचा उच्चांक होता. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने २००७ मध्ये, न्यूझीलंडच्या ज्युलियन सविआने २०१५ मध्ये आणि विल जॉर्डनने २०२३ मध्ये त्याच्याशी बरोबरी केली. लंडनच्या ट्विकनम मैदानावर इंग्लंडविरुद्ध केलेला त्याचा ट्राय १९९५ च्या ट्रायहून सरस मानावा असा आहे, कारण चार वर्षांत बचावाचे शास्त्र बदलले होते, त्याला घेरण्याच्या योजना तयार होत्या, आणि तरीही अनेकांच्या हातांतून निसटून तो रेषेपर्यंत पोहोचला. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही त्याने दोन ट्राय केले. तो सामना न्यूझीलंडने ३१-४३ असा गमावला. पुढच्या वर्षी, जुलै २००० मध्ये, सिडनीच्या ऑलिंपिक मैदानावर १,०९,८७४ प्रेक्षकांसमोर झालेल्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात न्यूझीलंडने सुरुवातीच्या दहा मिनिटांच्या आत २४ गुण मिळवले, मध्यंतरापर्यंत ऑस्ट्रेलियाने ती तफावत भरून काढली, आणि अगदी शेवटी एका गुणाने मागे असताना लोमूने डाव्या कडेच्या रेषेवर पाऊल पडू न देता धावत जाऊन विजयी ट्राय केला. न्यूझीलंडने सामना ३९-३५ असा जिंकला. एका बोटाने जरी रेषेला स्पर्श झाला असता तरी तो ट्राय बाद ठरला असता; त्या चार-पाच पावलांत ताकदीचा संबंध फारच थोडा होता.

त्याच काळात तो वेलिंग्टनच्या संघात गेला आणि २००० साली त्या संघाने राष्ट्रीय प्रांतिक स्पर्धा जिंकली. परंतु मूत्रपिंडांची कार्यक्षमता घसरत होती. २३ नोव्हेंबर २००२ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध तो आपली ६३ वी आणि अखेरची कसोटी खेळला, तेव्हा त्याचे वय २७ होते. २००३ मध्ये त्याला डायलिसिसवर जावे लागले. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील टाकाऊ द्रव्ये साचत जातात आणि ती हातापायांच्या मज्जातंतूंनाही इजा करतात. लोमूच्या पायांतील संवेदना कमी होऊ लागल्या, आणि प्रत्यारोपण न झाल्यास चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागेल असा इशारा डॉक्टरांनी दिला. ज्या पायांना जगभरचे बचावपटू धरू शकले नव्हते, त्यांना आपली जमीन जाणवेनाशी झाली होती.

२८ जुलै २००४ रोजी त्याच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंड दिले ते वेलिंग्टनमधील रेडिओ निवेदक ग्रँट केरेआमा यांनी. ते लोमूचे मित्र होते. प्रत्यारोपित मूत्रपिंड सर्वसाधारणपणे पाठीमागे मूळ जागी न बसवता ओटीपोटात पुढच्या बाजूला बसवतात, कारण तेथे रक्तवाहिन्या व मूत्राशय जवळ असतात. तेथे बरगड्यांचे संरक्षण मात्र नसते; म्हणून अशा रुग्णांना अंगाशी झटापट होणारे खेळ टाळण्याचा सल्ला दिला जातो. शिवाय परके इंद्रिय शरीराने नाकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. हे सर्व माहीत असताना लोमूने २००७ चा विश्वचषक खेळण्याचे ध्येय ठेवले. जून २००५ मध्ये ट्विकनमवरील एका प्रदर्शनीय सामन्यात तो मैदानात उतरला आणि त्याच सामन्यात खांद्याला दुखापत झाली. डिसेंबर २००५ पासून तो वेल्समधील कार्डिफ ब्लूज संघाकडून काही सामने खेळला, एक ट्रायही केला. एप्रिल २००६ मध्ये त्याचा घोटा मोडला. मायदेशी परतून नॉर्थ हार्बर संघाकडून तो खेळला, परंतु पुढच्या सुपर फोर्टीन (पूर्वीची सुपर ट्वेल्व्ह) स्पर्धेसाठी कोणत्याही संघाने त्याला करारबद्ध केले नाही आणि विश्वचषकाचा विषय संपला. २००९ मध्ये तो फ्रान्समधील मार्सेय व्हित्रोल या तिसऱ्या श्रेणीतील संघाकडून खेळला. या पुनरागमनाकडे अपयश म्हणून पाहणारे समीक्षक होते. पण मोठी शस्त्रक्रिया होऊन दीड वर्षही लोटले नसताना व्यावसायिक रग्बीचा सामना खेळता येणे, हे त्याच्या १९९५ मधील कामगिरीच्याच तोलाचे आहे, आणि डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाला विचारले तर तो कदाचित याच कामगिरीला वरचे स्थान देईल.

लोमूनंतर रग्बीपटूचे शरीरच बदलले. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्स यांच्या वार्षिक स्पर्धेत १९५५ साली खेळाडूंचे सरासरी वजन सुमारे ८५ किलो होते. २०१५ पर्यंत ते १०५ किलोंच्या पुढे गेले. व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ आणि पूर्ण वेळ सराव ही व्यावसायिकतेची देणगी, आणि लोमूसारखा विंगर शोधण्याची किंवा घडवण्याची धडपड हे त्यामागचे एक कारण. वजनाबरोबर धडकांचा जोर वाढला, डोक्याला होणाऱ्या इजांचा प्रश्न पुढे आला आणि आज निवृत्त खेळाडू त्यासाठी न्यायालयात उभे आहेत. खेळाडूच्या देहावर उद्योग उभा राहतो, तेव्हा त्या देहाच्या दुखण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला व्यावसायिक रग्बीने आरंभी फारसे उत्तर तयार ठेवले नव्हते. लोमूच्या मृत्यूनंतर त्याच्या दोन लहान मुलांसाठी न्यूझीलंडमधील खेळाडूंच्याच संघटनेने विश्वस्त निधी स्थापन केला.

प्रत्यारोपित मूत्रपिंड २०११ मध्ये काम करेनासे झाले. त्या वर्षीचा विश्वचषक न्यूझीलंडमध्येच होता. ऑकलंडच्या उद्घाटन सोहळ्यात लोमू सहभागी झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. पुढची चार वर्षे तो पुन्हा डायलिसिसवर होता, दुसऱ्या मूत्रपिंडाची वाट पाहत होता आणि तरीही रग्बीच्या कार्यक्रमांसाठी जगभर प्रवास करीत होता. २०१५ च्या विश्वचषकासाठी तो इंग्लंडला गेला. त्याच स्पर्धेत ७ ऑक्टोबर रोजी ब्रायन हबानाने अमेरिकेविरुद्ध तीन ट्राय करून विश्वचषकांतील लोमूच्या एकूण १५ ट्रायच्या उच्चांकाशी बरोबरी केली. मायदेशी परतल्यावर १८ नोव्हेंबर २०१५ रोजी ऑकलंड येथे, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने लोमूचे निधन झाले. दीर्घकाळच्या मूत्रपिंडविकारात हृदयावर येणारा ताण हा त्याच आजाराचा भाग असतो. हबानाला ते १५ ट्राय करण्यासाठी तीन विश्वचषक लागले. लोमूने ते दोन विश्वचषकांतील ११ सामन्यांत केले होते, आणि त्यांपैकी दुसऱ्या विश्वचषकातील आठ ट्राय निदानाला जवळजवळ चार वर्षे उलटल्यानंतरचे होते.